अजून बघतोय

सांगलीच्या गावभागात, साताऱ्याच्या सदर बझारात किंवा पेठनाक्यावरून कराडकडे निघालेल्या कुठल्याही एसटीत हा गृहस्थ भेटतो. पंचेचाळिशीचा, पतसंस्थेत नोकरीला, खिशाला दोन पेनं आणि उजव्या पायाची टाच सदैव हलती. कॉलेजात असताना गॅदरिंगला यानं ड्रम वाजवले होते. नेहमीच्या वाजवणाऱ्याला ऐन वेळी गोवर निघाला म्हणून, पण वाजवले होते. पुढं नोकरी, लग्न, घराचे हप्ते. आता हप्ते फिटले, पोरगं इंजिनिअरिंगला गेलं आणि दबलेली हौस उसळून वर आली. घरच्या घरी, हेडफोन लावून, कुणाची झोपमोड न करता सराव करता येईल असं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घ्यायचं. अर्थात बजेटात. म्हणून आपण त्याला बजेटराव म्हणू. 'काय, आलं का किट?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं : 'अजून बघतोय.'

हे बघणं वरवरचं नाही. दोनशे पानी वही आहे. आखलेले रकाने आहेत. अलेसिसच्या नायट्रो मेशमध्ये 385 आवाज आणि 40 किट, हे तो खातेदाराचा नंबर सांगावा तसं सांगतो. (त्यातले चार-पाच सोडले तर बाकीचे कुणी दुसऱ्यांदा लावत नाही; पण हे त्याला सांगायचं नसतं.) यामाहाच्या 402 मालिकेतल्या सर्वांत साध्या संचाला बीटर नसलेलं पेडल येतं, म्हणजे ठोका कमी, हे तो आवाज खाली आणून सांगतो. जाळीचं पॅड बरं की रबराचं, यावर तर तो चहाचे दोन कप संपेपर्यंत थांबत नाही. रबरावर काठी आपटली की टकटक घरभर होते, जाळीवर ती कमी होते आणि काठी खऱ्या ड्रमसारखी उसळते. रोलंडनं 1997 साली जाळी आणली तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती, आता मध्यमवर्गाला परवडते, वगैरे. इथवर त्याचं म्हणणं चोख असतं. गाडी घसरते ती बजेटवर. सुरुवात पंचवीस हजारांनी होते. मग 'एवढे घालतोयच तर' म्हणून चाळीस. मग नुसतं तुलनेला म्हणून लाखाचं रोलंड वहीत शिरतं. त्या आकड्यानं घाम फुटतो आणि हा थेट सात हजारांच्या गुंडाळून ठेवायच्या रबरी चटईवर येतो. चटई पाहून स्वतःचीच लाज वाटते आणि पुन्हा पंचवीस. ही प्रदक्षिणा दसरा आणि पाडव्याला हमखास होते, कारण तेव्हा ऑफर असते. ऑफर संपली की त्याला हायसं वाटतं.

सल्ले देणारे अर्थात कमी नाहीत. बँजो पार्टीतला ओळखीचा पोरगा म्हणतो, 'काका, ऑक्टापॅड घ्या की. लग्नसराईत सुपारी तरी मिळंल.' आपल्या भागात काठीनं वाजणाऱ्या, वायर असलेल्या प्रत्येक वस्तूला ऑक्टापॅडच म्हणतात. मूळ ते रोलंडच्या 1985 च्या यंत्राचं नाव, हे बजेटराव लगेच ऐकवतो. मग पायाचं काय, पायानं वाजवल्याशिवाय ड्रम कसला, असं म्हणून टाच आपटून दाखवतो. पोरगा तोवर वरातीच्या टेंपोत चढलेला असतो.

एकदा तो मिरजेलाही जाऊन आला. सांगलीकर वाद्य घ्यायचं म्हटलं की एकदा सतारमेकर गल्लीत डोकावतोच, मग वाद्य कुठलंही असो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फरीदसाहेबांच्या घराण्यानं तिथं सतारी-तानपुरे घडवलेत. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वर भोपळे टांगलेले, खाली कारागीर जवारी लावत बसलेला. बजेटरावनं त्याला आपला इलेक्ट्रॉनिक प्रश्न घातला. गवयांनी तानपुऱ्याची विजेची पेटी घरात घेतलीच की, मग ड्रमनं काय पाप केलंय, असंही विचारलं. कारागिरानं मान वर न करता विचारलं, 'आमच्याकडं गिऱ्हाईक आलं की आधी पट्टी विचारतो. तुम्ही काय वाजवता?'

'अजून वाजवत नाही. बघतोय.'

'मग बघा,' म्हणून त्यानं पुन्हा तार छेडली.

आता प्रश्न जागेचा. गावभागातल्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये एक कोपरा रिकामा आहे, पण तो रिकामा ठेवावाच लागतो. कृष्णेला पाणी आलं की तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रिज, गव्हाची कोठी आणि देव तिथं वर येतात. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा तर काकूही त्याच कोपऱ्यात मुक्कामाला होत्या. त्यामुळं वहीत 'घडी घालून माळ्यावर जाते का?' असा एक रकाना आहे. मुंबई-पुण्याच्या दुकानदाराला हा प्रश्न कळत नाही. तो म्हणतो, 'सर, पोर्टेबल आहे.' बजेटराव विचारतो, 'किती फुटांपर्यंत?'

शेवटी किट सासुरवाडीलाच ठेवावं, असा विचार निघाला. साताऱ्याच्या मंगळवार पेठेत सासऱ्यांचा जुना वाडा, मातीच्या जाड भिंती. आवाज बाहेर जायचा नाही. सासरेबुवा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पुढ्यातला कंदी पेढा जावयाकडं सरकवला आणि म्हटलं, 'जावईबापू, भिंती बाहेरच्या लोकांसाठी झाल्या. आम्ही आत असतो.' परतीच्या एसटीत बजेटरावनं पुढच्या सीटच्या दांडीवर बोटांनी असा काही ठेका धरला की पुढच्या बाईंनी उठून जागा बदलली. ठेका, खरं सांगायचं तर, बरा होता.

आणि मग त्याला पेडलची भानगड कळली. हेडफोन लावले की सगळं शांत, हा समज खोटा. काठ्यांचा आवाज हवेतून जातो, तो फार लांब जात नाही. पण बेस ड्रमच्या पेडलचा दणका थेट फरशीत उतरतो आणि खालच्या घरात छतातून पडतो. त्यावर उपाय आहे : प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिस बॉल बसवायचे आणि त्या पाटावर किट ठेवायचं. आपल्याकडं चौकाचौकात टेनिस बॉलचे सामने आणि आमदार चषक, तेव्हा फुटक्या बॉलला तोटा नाही. पोरांकडून बॉल गोळा झाले, सुताराकडून पाट झाला. किट तेवढं नव्हतं. पण चाचणी घ्यायला किट कशाला हवं? रात्री दहाला बजेटराव स्वयंपाकघरातलं स्टूल पाटावर ठेवतो, त्यावर बसतो, टाचेनं वीस-पंचवीस ठोके देतो, चपला घालून खाली उतरतो आणि काकूंची कडी वाजवतो.

'ऐकू आलं का?'

पहिल्या दिवशी काकू घाबरल्या. मग रुळल्या. 'काल धप्प होतं, आज धप्पक आहे,' असं नेमकं सांगू लागल्या. बॉल अर्धे कापून लावले तेव्हा 'आज बरंय' म्हणाल्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ऑफर आली आणि गेली. शेवटी एका रात्री त्यांनी दार अर्धवटच उघडलं. 'हे बघ, तू ते एकदाचं आण बाबा. वाजव. माझं काही म्हणणं नाही. पण रात्री दहाला दार वाजवायचं बंद कर.'

बजेटरावनं एवढंच ऐकलं की काकूंची हरकत नाही. वहीत 'शेजार' या रकान्यात बरोबरची खूण झाली. मग त्यानं तिथंच उंबऱ्यावर उभं राहून खुर्ची वेगळी घ्यावी लागते, हेडफोन वेगळे घ्यावे लागतात आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर किती वेळ चालेल, हे सविस्तर सांगितलं. काकू दाराला टेकून ऐकत होत्या. पळून जाण्यासारखं वय नव्हतं.

परवा त्या फोनवर होत्या. साताऱ्याच्या भाच्याला ड्रम शिकायचाय म्हणे. काकू ठणकावून सांगत होत्या : 'रबराचं अजिबात घेऊ नकोस म्हणावं त्याला. जाळीचं बघ. आणि आवाज किती आहेत ते विचारत बसू नकोस, हाय-हॅटचं पेडल कसं चालतंय ते पायानं बघ. खुर्ची? छे, खुर्ची देत नाहीत ते! ती वेगळी... हो, हो... नाही गं, आमच्या वरच्यांनी नाही घेतलेलं अजून.'