होबार्टची येळवस

होबार्टच्या विमानतळावर आमच्या स्वागताला पोरगा बाहेर उभा होता आणि कुत्रं आत. आधी भेटलं ते कुत्रं. बीगल जातीचं, लांब कानांचं, अंगावर सरकारी झूल. सगळ्यांच्या बॅगा हुंगत हुंगत आलं आणि आमच्या बायकोच्या पिशवीपाशी गपकन खाली बसलं. "दमलंय बिचारं," म्हणून बायकोनं त्याला चुचकारलं. ते दमलं नव्हतं, पंचनामा करत होतं. पिशवीतून दोन लिंबं निघाली. प्रवासात मळमळू नये म्हणून मेलबर्नला घेतलेली, म्हणजे त्यांच्याच देशातली. पण टास्मानिया हे बेट आहे आणि बेटावर बाहेरचं ताजं फळ असं आणता येत नाही. रोग येतात म्हणे. लिंबं जप्त झाली.

"आमच्या नांदेडच्या स्टेशनावर पोतं उतरवलं तरी कुणी हुंगत नाही," बायको म्हणाली.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ तिच्यात आहे. मी लातूरचा, बायको नांदेडची. मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत आमची बरोबरी आहे : तिच्याकडचे शंकरराव आणि अशोकराव, माझ्याकडचे निलंगेकर आणि विलासराव. विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं यावरून 2009 साली दोन्ही गावं पेटली होती. सरकार काय ठरवायचं ते ठरवो, आमच्या घरातलं आयुक्तालय लग्नापासून नांदेडकडे आहे.

पोरगा तीन वर्षांपासून होबार्टला नोकरी करतो. गाडीत बसल्या बसल्या मी माहिती काढायला सुरुवात केली. टास्मानियाचं क्षेत्रफळ अडुसष्ट हजार चौरस किलोमीटर. आपला मराठवाडा साधारण पासष्ट. म्हणजे भाऊभाऊच. लोकसंख्या मात्र साडेपाच लाखांच्या थोडी वर.

"साडेपाच? 2011च्या जनगणनेत एकट्या नांदेडात तेवढी माणसं होती," बायको म्हणाली. "आणि होबार्टात किती?"

"आजूबाजूची वस्ती धरून अडीच लाख."

"मग ते लातूरपेक्षाही लहान!" तिच्या आवाजात होबार्टबद्दल एकदम माया आली.

शहर खरंच लहान. समोर डरवेंट नदीचं रुंद पात्र, पाठीशी वेलिंग्टन डोंगर, मधल्या उतारावर पत्र्याच्या छपरांची टुमदार घरं. प्रत्येक घरापुढं हिरवळ आणि हिरवळीवर फिरणारं फवाऱ्याचं पाणी. मी त्या फवाऱ्याकडे पाहत उभा राहिलो.

"काय बघूलालाव?"

काय बघणार! 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. मांजरा धरण कोरडं पडलेलं. त्या काळात अंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला, असं एकच पाणी तीन जन्म घ्यायचं. अशा गावचा माणूस विनाकारण उडणाऱ्या पाण्याकडे परस्त्रीकडे बघावं तसंच बघणार. म्हणजे चोरून आणि बराच वेळ.

रात्री मी होबार्टचा पाऊस शोधून काढला आणि झोप उडाली. वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास! लातूरची सरासरी याहून जास्त आहे. मी पोराला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, इथं ऊस नाही लावत," आणि कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी वेलिंग्टन डोंगर. 1,271 मीटर, आणि डांबरी सडक थेट माथ्यापर्यंत. 1836 साली चार्ल्स डार्विन होबार्टला आला तेव्हा हाच डोंगर चढायचा त्याचा पहिला प्रयत्न फसला होता. दुसऱ्यांदा वाटाड्या घेऊन तो वर पोचला. त्याच्या जहाजाचं नाव बीगल. "तेही हुंगतच आलं असेल," बायको म्हणाली. लिंबं ती विसरली नव्हती. खाली सदऱ्यावर होतो, वर दात वाजायला लागले. पण मला थंडीपेक्षा दगडानं धरून ठेवलं. कड्यावर काळ्या दगडाचे खांब उभे, हारीनं, जणू कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्यात. हा डोलेराइट, लाव्हाचाच चुलतभाऊ. आमच्याकडे विहीर खणताना लागतो तो काळा पाषाण याच खानदानातला. फरक एवढाच, की आमच्या दगडात बोअर मारून पाणी लागत नाही आणि यांच्या दगडावरून ते नुसतं ओघळत असतं.

या बेटावर उत्तरेला लॉन्सेस्टन नावाचं दुसरं गाव आहे. होबार्टशी त्याचं वर्षानुवर्षं पटत नाही. होबार्टची बिअर वेगळी, लॉन्सेस्टनची वेगळी, वर्तमानपत्रं वेगळी, स्टेडियमवरून रुसवेफुगवे. हे ऐकलं आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. "यांचं आयुक्तालय कुठंय?" बायकोनं विचारलं. राजधानी होबार्टच आहे असं कळल्यावर ती तडक लॉन्सेस्टनच्या बाजूची झाली. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मार्गशीर्षातली अमावस्या आली. येळवस! लातूरकडचा माणूस या दिवशी जगात कुठंही असला तरी मनानं शेतात असतो. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, आंबिल, उंडे. त्या दिवशी आमचं गाव असं ओस पडतं, की चोरसुद्धा शेतातच जेवायला असतो. पोरगा म्हणाला, शेत नाही, पण डोंगर दाखवतो. ज्वारीचं पीठ देशी दुकानात मिळालं, तुरीच्या शेंगांच्या जागी गोठवलेले वाटाणे घातले आणि चार-साडेचार तास गाडी हाकून क्रेडल माउंटनला गेलो.

क्रेडल 1,545 मीटर. आपलं कळसूबाई शंभर मीटरनं उंच, हे मी लगेच नोंदवून घेतलं. पण रान पाहिलं आणि मापं काढायचं सोडून दिलं. घर नाही, तार नाही, गवताचे तपकिरी झुबके, मधून लाकडी फळ्यांची वाट, आणि जिकडे पाय ठेवाल तिकडे खाली पाणी बोलतंय. इथं वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिकडचा ऐन उन्हाळा होता, म्हणून आम्ही फक्त कानटोपी, दोन स्वेटर आणि रेनकोट एवढ्यावर भागवलं.

वाटेत वॉम्बॅट दिसला. डुकराएवढा, अस्वलासारखा, चालीनं निवृत्त हेडमास्तर. आपण आहोत याची त्यानं दखलही घेतली नाही. या प्राण्याची लेंडी चौकोनी असते, अगदी ठोकळ्यासारखी. बायको वाकून बघत राहिली. "बघा, गोवऱ्या थापायचा त्रासच नाही. घडवूनच देतंय."

डव्ह तळ्याच्या काठी पंगत मांडली. मी पांडवांसाठी पाच दगड शोधू लागलो तर पोरगा ओरडला, "बाबा, इथला दगड हलवायचा नसतो!" मग समोर बघितलं. क्रेडलच्या माथ्यावर काळे सुळके ओळीनं बसलेले. पाचाहून जास्त होते, पण पांडवांकडे पाहुणे आले असतील असं समजून तिकडेच नैवेद्य दाखवला. आंबिल गरम होतं. लिंबू नव्हतं, आणि ही बाब पुन्हा निघाली.

एवढ्यात पाऊस आला. मी उठून तोंड वर करून उभा राहिलो. मला माहीत आहे, हे शोभत नाही. पण पडू दिलं अंगावर. मागे खसखस झाली. कावळ्यासारखा काळा, पिवळ्या डोळ्यांचा करावाँग पक्षी आमच्या बॅगेवर बसून चोचीनं चेन उघडत होता. पोरानं आधीच बजावलं होतं, आम्ही हसण्यावारी नेलं होतं. चेन पुरती उघडून त्यानं आत डोकं घातलं, नीट पाहणी केली, एक उंडा उचलला आणि तळ्यापार निघून गेला.

"हुशार आहे," बायको त्याच्याकडे बघत म्हणाली. "नांदेडचा दिसतोय. लातूरचा असता तर आधी पाण्याची बाटली नेली असती."