काळा डबा

अहो वहिनी, तो नळ बंद करा आणि जरा कुंपणापाशी या. हायवेच्या आवाजात ओरडून सांगायची गोष्ट नाही ही.

रविवारी वापीचे पाहुणे आले होते ना, आमच्या धाकट्याचं घर बघायला? चहा-पोहे झाले, घोलवडचे चिकू कापून दिले. मग मुलीचे मामा म्हणाले, "जावईबापू घरूनच काम करतात, तर ऑफिस दाखवा की." नेलं मागच्या खोलीत. टेबलावर तो काळा डबा! कोपरे झिजलेले, झाकणावर पेंग्विनचं स्टिकर, कीबोर्डाच्या मधोमध लाल टिकली. मामा मामींकडे बघायला लागले. फाटकाशी म्हणतात कसे, "पगार वेळेवर होतो ना?"

मी म्हटलं, अरे मेल्या, ते सफरचंदवालं घे ना एक, शेजारच्या जावयांसारखं! हो, हप्त्यावर घेतलंय ते माहितीये मला. पण दिसतं की नाही?

तर हा हसतोय. म्हणे, आई, हा थिंकपॅड आहे. आयबीएमनं १९९२ साली काढला, जपानी जेवणाच्या डब्यावरून घेतलाय आकार. २००५ साली धंदा लेनोवोकडे गेला, तरी डबा काळाच. आमच्या लाइनीत हा दिसला की समजतात, माणूस कामाचा. मुलाखतीत साहेबांनी मशीन कुठलं विचारलं, यानं नाव सांगितलं, आणि पुढची दहा मिनिटं दोघं लिनक्सवरच बोलत बसले. घ्या! ज्या डब्यानं नोकरी दिली, तोच डबा आता स्थळ घालवायला निघालाय.

मला विचाराल तर ही दोन्ही सोंगंच. मामांना चकचकीत हवं, साहेबांना झिजलेलं. आमचे हे ट्रकवर होते तेव्हा दापचरीच्या नाक्यावर गाडी काट्यावर घालायचे, रंग कोण बघतंय! तसं बोलले त्याला, तर गप्प. मग हळूच म्हणतो, लिनक्स ज्यानं लिहिलं त्या टोरवाल्ड्सनंही २०२२ साली एक आवृत्ती अ‍ॅपलच्या लॅपटॉपवरून सोडली होती. मग तू रे कशाला नाक मुरडत होतास?

आणि पुढची गंमत ऐका. आता त्याला आयफोनच्या अ‍ॅपचं काम आलंय. त्याला म्हणे एक्सकोड लागतं, आणि ते मॅकशिवाय चालत नाही. म्हणजे घ्यावंच लागलं. मला वाटलं, चला, देव पावला! कुरियरवाला आला, खोकं उघडलं, तर आत हे एवढंसं, पानाच्या डब्याएवढं. मॅक मिनी म्हणतात. त्याला ना झाकण, ना पडदा. टीव्हीशेजारी ठेवलं तर केबलचा बॉक्स वाटेल!

बुधवारी मुलीचे वडील स्वतः येताहेत. म्हणून म्हटलं, वहिनी, जावयांचं ते सफरचंद एका दुपारपुरतं मिळेल का? नुसतं टेबलावर उघडून ठेवू. चार्जरसुद्धा नको.