अकरा नंबरची लिपस्टिक

आधी दार लोटून घ्या. आणि जरा हळू बोला, पलीकडच्या वहिनींचा कान भिंतीला चिकटलेला असतो हे आमच्या अख्ख्या विंगला ठाऊक आहे.

तर आमची भाची. उपयोजित कलेच्या कॉलेजात जाते. पहिल्या वर्षाला होती तेव्हा तिची आई कौतुकाने सांगायची, "पोरगी फाउंडेशनला आहे," आणि आमच्या सासूबाईंची समजूत अशी की पोर कुठल्या तरी पावडर-फाउंडेशनच्या दुकानात लागली. तेव्हा आम्ही फिदीफिदी हसलो. आता कळतंय, म्हातारीला पुढचं दिसत होतं. यंदा पोरांना प्रोजेक्टला विषय दिलाय चक्क लिपस्टिक! त्यावरून सुचलेली एक कलाकृती करायची आणि एक जाहिरातीची मोहीम. आमच्या वेळी एलिमेंटरीच्या परीक्षेत वस्तुचित्राला काय असायचं? तांब्या, वांगं आणि एक ठोकळा. वांग्यावरची चकाकी जमली की गंगेत घोडं न्हालं. बाकावर लिपस्टिक सापडली असती तर ड्रॉइंगच्या सरांनी दुसऱ्या दिवशी वडिलांनाच उभं केलं असतं.

आणि पोरं काय एकेक थेर करतात म्हणून सांगू! एकीने लिपस्टिकचा बुद्धिबळाचा पट मांडला, वजीर मरून रंगाचा. एका मुलाने, हो, मुलाने, स्वतःचे ओठ रंगवून माउंटबोर्डावर चारशे ठसे उमटवले. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण त्याने सरावाचे ठसे वडिलांच्या पांढऱ्या शर्टावर घेतले आणि तो शर्ट तसाच धुवायला टाकला. त्या घरात दोन दिवस जे महाभारत झालं ते पोराने बोर्ड आणून दाखवला तेव्हा कुठे थांबलं. आठ जणांनी लिपस्टिकची बंदुकीची गोळी केली. आठ! शेवटी बाईंनी वर्गाच्या दारातच विचारायला सुरुवात केली म्हणे, काडतूस आणलंय का? मग तिथूनच परत जा.

मी भाचीला म्हटलं, अगं, हे शिक्षण आहे का? तर ती मलाच शिकवायला बसली. म्हणाली, मावशी, 1969 साली अमेरिकेत येल विद्यापीठात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि क्लेस ओल्डेनबर्ग नावाच्या शिल्पकाराकडून चोवीस फुटी लिपस्टिक करवून घेतली. तीही साधी नाही, रणगाड्याच्या पट्ट्यांवर चढवलेली. व्हिएतनामचं युद्ध चाललेलं, आणि यांनी ती नेऊन ठेवली कुठे, तर थेट युद्धस्मारकासमोरच्या चौकात! वरचं लाल टोक सुरुवातीला मऊ प्लॅस्टिकचं, हवा भरायची. भाषण करायचं असेल त्याने आधी लिपस्टिक फुगवायची आणि मग बोलायचं. (ही सोय आपल्याकडे आली तर निम्मे वक्ते फुगवतानाच दमतील.) टोक मान टाकायचं ते टाकायचंच, वर लोकांनी अंगावर पत्रकं चिकटवली, काहीबाही खरडलं. शेवटी ओल्डेनबर्गने ती उचलून नेली आणि 1974 साली धडधाकट करून परत आणून बसवली. आता ती विद्यापीठाचं भूषण आहे. चांगल्या घरातली पोरं हो!

मी कानांवर हात ठेवले, पण बोटांच्या फटी मोकळ्या ठेवल्या. कारण पुढचं तर आपल्याच घरचं निघालं. रोलिंग स्टोन्स नावाच्या वाद्यवृंदाचं ते चिन्ह माहीत आहे ना, लालभडक ओठ आणि बाहेर काढलेली जीभ? रिक्षाच्या मागच्या पडद्यावरसुद्धा पाहिलंय मी. ते काढलं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या एका विद्यार्थ्याने, जॉन पॅशने, 1970 साली. आणि वाद्यवृंदाचा गायक मिक जॅगर याने त्याला नमुना म्हणून काय दाखवलं असेल? कालीमातेचं चित्र! तिची ती बाहेर आलेली जीभ. आपल्या देवीची जीभ, त्यांचे ओठ आणि पोराच्या हातावर पन्नास पौंड. तेच मूळ चित्र 2008 साली लंडनच्या संग्रहालयाने 92,500 डॉलर मोजून घेतलं. देवीच्या वाट्याला काय आलं, ते विचारू नका.

सासूबाई एवढा वेळ जपमाळ ओढत होत्या. त्यांनी माळ बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, पुढे सांग.

पुढे फ्रान्स. आविन्यॉन गावी 2007 साली एका बाईने साय ट्वॉम्ब्ली नावाच्या चित्रकाराच्या कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासचा मुका घेतला, लिपस्टिक लावलेल्या ओठांनी. म्हणाली, हे प्रेम आहे. कोर्ट म्हणालं, हे नुकसान आहे. मालकाला हजार युरो, गॅलरीला पाचशे आणि चित्रकाराला किती? एक युरो, मानापुरता. आमच्या शर्टवाल्या चिरंजीवांना हे ऐकून केवढा धीर आला म्हणता!

जाहिरातींचं तर बोलायलाच नको. 1952 साली रेव्लॉनने 'फायर अँड आइस' या रंगाची दोन पानी जाहिरात काढली. एका पानावर चकमकीच्या झग्यातली मॉडेल, फोटो रिचर्ड अ‍ॅव्हेडनचा. दुसऱ्या पानावर पंधरा प्रश्न, आणि तेही असे आगाऊ की मुलगी बघायला आलेल्या आत्याबाईसुद्धा विचारणार नाहीत. लिपस्टिक कशी, टिकते किती, यांतलं काही न सांगता बाईलाच विचारायचं, तू कशी आहेस गं? ही खरी डोक्याची जाहिरात. काडतूसवाल्या आठांनी हे पान उशाशी घेऊन झोपावं, असं माझं मत. त्याच साली आपल्याकडे लॅक्मे निघाली, टाटा ऑइल मिल्सच्या घरातून. म्हणजे 501 साबणाच्या माहेरची! नाव उचललं देलीबच्या 1883 सालच्या फ्रेंच ऑपेरातलं, आणि त्या नावाच्या मुळाशी आपली लक्ष्मीच. परदेशी गेली, उच्चार बदलून आली आणि थेट आरशासमोर बसली.

उगीच नाकं मुरडू नका. आमच्या आजेसासऱ्यांनी बालगंधर्वांच्या रंगवलेल्या ओठांना रात्र रात्र वन्समोअर दिलेत, आणि घरी बायकोने विडा जरा जास्त रंगवला तर विचारायचे, आज कुठे निघालात?

एका बातमीने मात्र आमच्या मजल्यावर खरी खळबळ उडाली. भाचीने नळीत काय काय असतं त्याचा तक्ता केला. मेण, रंग आणि तेल, तेही पुष्कळदा एरंडेल. सासूबाई ताडकन म्हणाल्या, "एरंडेल? ओठांना? आम्ही ते भलत्याच कामाला घेतलं." त्याहून मोठा गहजब किड्यांचा झाला. काही लाल रंगांत कारमाइन असतं आणि ते निघतं कोचिनियल नावाच्या किड्यांपासून. सगळ्यांत नसतं, पण हे ऐकायला थांबतंय कोण? आमच्या मजल्यावर चातुर्मास पाळणाऱ्या, कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या एक बाई आहेत. त्या दिवशी त्यांनी भिंग घेऊन आपल्या चार डब्या वाचून काढल्या. एक गुपचूप कचऱ्यात गेली. डब्या चार होत्या हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

आता मुख्य प्रकरण. भाचीने शेवटी काय केलं, तर सोसायटीतल्या बायकांकडून वापरलेल्या लिपस्टिक मागून आणल्या. तेवीस जमल्या. तुम्ही कधी नीट बघितलंय का? कुणाची झिजून सपाट होते, कुणाची एका बाजूने उतरत जाते घाटासारखी, कुणाची टोकदार राहते. प्रत्येकीची धार वेगळी, सहीसारखी. तिने एकेका टोकाचं दोन-दोन फुटांचं पेन्सिल-चित्र काढलं. लाल रंगाचा ठिपका नाही, बाईचा चेहरा नाही, नाव नाही, खाली नुसता आकडा. जाहिरातही तीच, तळाशी दोनच शब्द : 'ही तुमचीच'.

प्रदर्शनाला आम्ही सगळ्या एकाच लोकलने गेलो. कला बघायला म्हणून. दहा मिनिटांत सगळी सोसायटी उघडी पडली. 'मी बाई कधीच काही लावत नाही' म्हणणाऱ्या ट्रेझरर बाईंची सात नंबर निम्म्याच्या वर संपलेली. चौथ्या मजल्यावरच्या टापटीपवाल्यांची तर दातांचे ठसे असलेली. भांडण होऊन तीन वर्षं अबोला धरलेल्या दोघी जावांच्या धारा अगदी हुबेहूब सारख्या. दोघी शेजारी उभ्या राहून बघत होत्या, एकमेकींकडे नव्हे, भिंतीकडे.

आणि अकरा नंबर! नळीच्या तळापर्यंत गेलेली, आत काही म्हणजे काही उरलेलं नाही, कडेला खरवडल्याच्या बारीक रेघा. भाचीने त्या रेघासुद्धा सोडल्या नाहीत मेल्या. अख्खा घोळका तिथे थांबला. कोण ही चिक्कू, यावर परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत चर्चा. कुणी म्हणालं काडेपेटीच्या काडीने खरवडली असणार. कुणी माझ्याकडे बघितलं.

छे हो. काडी कुठली? काडी मोडते आत. हेअरपिन लागते त्याला.