सोलकढीतले मासे

रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला मासे कळतात, असा एक समज आहे. तो बराचसा मीच पसरवलेला आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलाव चालू असताना मी कल्ला उचलून, पाठीवर बोट दाबून सुरमईचं वय सांगतो. त्यामुळे रक्तदाब मोजून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "घरात फिश टँक ठेवा, रोज थोडा वेळ शांतपणे मासे बघत बसा," तेव्हा मला हसूच आलं. दिवसातून दोनदा बघतो की! ताटात.

तरी टाकी आणली. तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर ८५ लिटर पाणी. हा हिशेब मी केला, आणि या सगळ्या प्रकरणात माझं बरोबर आलेलं हे एकमेव गणित.

दुकानात गेल्या गेल्या सवयीने विचारलं, "ताजे आहेत ना?"

दुकानातल्या पोराने माझ्याकडे नीट बघितलं. "जिवंत आहेत, काका."

आता कुणाशेजारी कोण चालतं, हे शास्त्र आम्हा कोकण्यांना काय शिकवायचं? बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या रश्श्यात पापलेट सोडणाऱ्या माणसाला आमच्या घरात पाट मिळत नाही. पण कढईबाबत एवढा काटेकोर असलेला मी टाकीसाठी मासे निवडले ते साडीच्या दुकानात निवडावेत तसे, रंग बघून. निळ्या-लाल पट्ट्यांचे निऑन टेट्रा दहा. लांब पंखांचे एंजल दोन. काळ्या पट्ट्यांचे टायगर बार्ब चार. बायकोला आवडला म्हणून एक गोल्डफिश. काच चाटून साफ करतो म्हणून बोटाएवढा सकर. आणि एक जांभळा फायटर. वर एक हीटर. होय, रत्नागिरीत, एप्रिल महिन्यात, मी पाणी तापवायचं यंत्र विकत घेतलं.

टाकीच्या सजावटीत मी जीव ओतला. भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू धुऊन अंथरली, नातवाने जमवलेले पिशवीभर शिंपले पसरले, घरच्या विहिरीचं पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी सगळी वरात आत सोडली. फायटरचं नाव ठेवलं थिबा. शेजारचे निवृत्त इतिहासाचे गुरुजी बघायला आले होते. ते म्हणाले, "अहो, हा मासा सयामचा. ब्रह्मी फौजेने १७६७ साली सयामची राजधानी अयुथ्या जाळली, आणि तुम्ही याला ब्रह्मदेशच्या राजाचं नाव देताय?" मी दुर्लक्ष केलं. खऱ्या थिबाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणलं, राजवाडा मिळायला १९१० उजाडलं आणि १९१६ साली तो वारला. म्हणजे राजवाडा भोगला सहा वर्षं. माझ्या थिबाने सहा दिवस. टायगर बार्बांनी त्याचा राजेशाही झगा पहिल्या दोन दिवसांतच फाडला होता.

चौथ्या दिवसापासून पाणी पेजेसारखं झालं. निऑन रोज सकाळी मोजायचो. दहा, नऊ, सात. मेलेला एकही दिसेना. एंजल मात्र बाळसं धरत होते. बायको म्हणाली, "तुम्ही मासे आणलेत की माशांना मासे आणलेत?"

मग पीएच मोजायच्या पट्ट्या आणल्या. विहिरीचं पाणी साडेसहा, टाकीतलं आठच्या वर. पाणी खारट-तुरट काय ते नाही, पण 'आंबट कमी' आहे एवढा बोध मला झाला. आंबट कमी असेल तर काय घालावं, हे कोकणातल्या माणसाला विचारावं लागत नाही. फडताळातली आगळाची बाटली काढली आणि दोन डाव टाकीत घातले.

पाणी गुलाबी झालं. पट्टी लावली तर पीएच खाली आलेला! संध्याकाळी पुन्हा वर. पुन्हा दोन डाव. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. तिसऱ्यांदा बाटली उचलली तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "नारळाचं दूध काढू का?"

त्याच दिवशी दारावर मासळी घेऊन आलेल्या मावशींनी पाटी टेकवली आणि काचेला नाक लावलं. "भाऊ, ह्यातला कुठला खायचा?" "कुठलाच नाही." "मग कोकम कशाला घातलंत?"

शेवटी एका मित्राच्या मुलाला बोलावलं. तो शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. हे महाविद्यालय १९८१ पासून माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि मी विचारलं कुणाला, तर आगळाच्या बाटलीला. त्याने टाकीतला एक शिंपला काढून पुसला आणि त्यावर व्हिनेगर टाकलं. बुडबुडे आले.

"काका, हा चुना आहे. तुमच्या वाळूतही शिंपल्यांचा चुराच आहे. तुम्ही आंबट घालता, ते हा पिऊन टाकतो आणि पाणी पुन्हा जड करतो. आठ पीएच सोसणारे मासे असतात, साडेसहाचेही असतात. दिवसातून दोनदा वर-खाली सोसणारा मासा नसतो."

मग त्याने माझी एकेक चूक फार अदबीने सांगितली, त्यामुळे जास्त लागली. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी जवळजवळ रिकामी ठेवायची. त्यात पीएच चढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणजे शिंपल्यांनी दुहेरी काम केलेलं. टायगर बार्ब आठ-दहा असले तर आपापसांत भांडतात, चार असले तर दुसऱ्यांचे पंख कुरतडतात. (सहकारी सोसायटीत राहिलेल्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं.) गोल्डफिशला थंड पाणी लागतं. निऑन आणि एंजल दोघेही ॲमेझॉनचे, एकाच पाण्यातले, म्हणून मी विजयाने मान वर केली. तो म्हणाला, "हो, एंजल तिकडेही छोटे टेट्रा खातो."

"आणि काका, जांभ्यातून झिरपलेलं तुमच्या विहिरीचं पाणी मऊ, किंचित आम्ल. निऑनला याहून चांगलं पाणी नाही. लोक मशीन लावून असलं पाणी करतात. तुम्ही त्यात समुद्र घातलात."

वाळू आणि शिंपले पुन्हा भाट्याला गेले. हीटर माळ्यावर गेला. गोल्डफिश, बार्ब आणि एंजल त्या मुलाने ओळखीच्यांकडे पोचवले. दीड महिना मी जवळजवळ रिकाम्या टाकीसमोर बसून नुसतं पाणी बघितलं. रक्तदाब तेव्हाच थोडा उतरला. आता विहिरीच्या पाण्यात पंधरा निऑन आहेत आणि आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो.

राहिला सकर. तो पेजेत, सोलकढीत, सगळ्यात जगला. दोन वर्षांत बोटाचा हात झाला, पुरा एक फूट. वळताना शेपटी काचेला लागते. काजळी नदीत सोडायची सोय नाही. असे सोडलेले सकर नद्या-तळ्यांत माजतात आणि आपल्या गावठी माशांच्या मुळावर येतात. तेव्हा कुणाकडे निदान पाच फुटी टाकी असेल तर त्यांनी तो घेऊन जावा. फुकट आहे. सोबत हीटरही देईन.