मी काही सांगत नाही

शिफारसकरांना नमस्कार केला तर उलट नमस्कार येत नाही, ‘पाहिलास का?’ येतं. ‘काय?’ असं विचारलं तर आपण तो पाहिलेला नाही हे उघड होतं आणि पुढची वीस मिनिटं जातात. गालातल्या गालात हसून वेळ मारून न्यावी, तर ‘म्हणजे पाहिलास!’ म्हणून चाळीस जातात. कोथरूडच्या आमच्या सोसायटीनं यावर एक तोडगा काढला होता. शिफारसकर लांबून दिसले की मोबाइल कानाला लावायचा. पण फोन संपेपर्यंत शिफारसकर थांबतात. ते बँकेच्या कर्जवसुली खात्यात आहेत. लोकांच्या दारात थांबायची त्यांना सवय आहे.

स्थळ-काळाचं भान त्यांना नसतं असं नाही, ते असतं आणि चित्रपटाच्या कामी लावलेलं असतं. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ स्कूटरवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला. बाकीचे लोक शहाळी आणि सफरचंदं घेऊन भेटायला गेले, शिफारसकर पेन ड्राइव्ह घेऊन गेले.

“प्लास्टर किती दिवस?”

“सहा आठवडे म्हणालेत.”

“वा!” शिफारसकरांचा चेहरा उजळला. “मग किश्लोव्हस्कीचा ‘डेकालॉग’ करून टाका. दहा भाग, साधारण तासाचा एकेक. वॉर्सामधल्या एकाच वसाहतीतली माणसं आहेत, आपल्या सोसायटीसारखीच. सहा आठवड्यांत दोनदा बघून होईल.”

गृहस्थांच्या पत्नीनं चहा देता देता विचारलं, “विनोदी आहे का?”

शिफारसकरांनी प्रामाणिकपणे विचार केला. “दहावा भाग आहे तसा,” ते म्हणाले.

आधीच्या नऊ भागांत त्या बिचाऱ्यांना काय काय सोसावं लागणार आहे, ते त्यांनी सांगितलं नाही. ‘मी काही सांगत नाही’ हे त्यांचं ब्रीदच आहे. अर्थात या वाक्यानंतर ते जे सांगतात, त्यातून चित्रपट जिवंत राहणं कठीण. ‘दृश्यम’ सुचवताना त्यांनी मला सांगितलं होतं, “मी काही सांगत नाही. तू फक्त त्या पोलीस ठाण्याच्या बांधकामाकडे लक्ष ठेव.” मी ठेवलं. पडद्यावर पोलीस गाव पालथं घालत होते, तब्बू संतापत होती, थिएटरातले लोक श्वास रोखून बसले होते आणि मी एकटा फरशी कधी बसते याची वाट पाहत होतो. नंतर तक्रार केली, तर माझ्याकडेच करुणेनं पाहून म्हणाले, “मी काय सांगितलं? बांधकाम म्हणालो. आणि मुळात तू हिंदी कशाला पाहिलास? मूळ मल्याळम बघ. मोहनलालचा, २०१३चा.” त्यानंतर तो चित्रपट कन्नडमध्ये निघाला, तेलुगूत निघाला, तमिळमध्ये कमल हासनला घेऊन निघाला. शिफारसकरांनी सगळे पाहिले आहेत. एकाच पोराला पाच भाषांत पुरताना पाहिलेला माणूस आमच्या भागात दुसरा नसावा. २०१९ साली त्याची चिनी आवृत्तीही आली, ती तेवढी राहून गेल्याची रुखरुख त्यांना आहे.

जे आपण पाहिलं त्याच्या आधी काहीतरी असतं आणि ते आपण पाहिलेलं नसतं, यावर शिफारसकरांचा सगळा डोलारा उभा आहे. २०१६ साली ‘सैराट’च्या गाण्यांवर लोक थिएटरात पडद्यापुढे जाऊन नाचत होते. शिफारसकर त्या नाचाकडे पाहत शांतपणे विचारत, “ ‘फँड्री’ पाहिलात?” पाहिला म्हणणारे बरेच निघाले, तेव्हा त्यांनी खिशातून ‘पिस्तुल्या’ काढला. “मंजुळेंचा पहिला लघुपट. खरा नागराज तिथे आहे.” इथे भलेभले गप्प होत. फक्त बी विंगमधली एक मुलगी म्हणाली, “हो काका, पाहिलाय. मस्त आहे.” तिच्याशी शिफारसकर नंतर वर्षभर फक्त पाणीकपातीबद्दल बोलत असत.

आता वसुलीबद्दल. सुचवलेला चित्रपट हे शिफारसकरांच्या लेखी दिलेलं कर्ज असतं. चार दिवसांनी पहिली आठवण येते, आठवड्यानं दुसरी. “कुठपर्यंत आला?” “अर्धा झाला.” “अर्धा म्हणजे? ती बाई स्टेशनवर जाते तिथपर्यंत, की पत्र फाडते तिथपर्यंत?” हप्त्याहप्त्यानं पाहिलेला त्यांना चालतो, थकवलेला चालत नाही. त्यामुळे आमच्या सोसायटीत खोटं बोलण्याच्या कलेनं चांगलीच प्रगती केली आहे. नुसतं ‘पाहिला, छान आहे’ एवढ्यावर सुटका होत नाही, कारण लगेच तोंडी परीक्षा सुरू होते: “शेवट कसा वाटला?” यावर आमच्या सेक्रेटरींनी एक उत्तर शोधून काढलं, ते आता सगळे वापरतात. “शेवट अगदी अंगावर आला हो!” शिफारसकर जे सुचवतात, त्यातल्या बहुतेकांना ते चपखल बसतं. एकदाच फजिती झाली. सेक्रेटरींनी शेवट अंगावर आल्याचं सांगितलं आणि शिफारसकर विचारत होते ‘रॅटाटुई’बद्दल. स्वयंपाक करणाऱ्या उंदराचा शेवट अंगावर येणारा हा माणूस किती हळवा असेल, असं वाटून शिफारसकरांनी त्यांना त्याच रात्री आणखी तीन नावं पाठवली.

पण खोटं बोलणाऱ्याला फार तर तीन नावं मिळतात. खरं बोलणाऱ्याच्या घरी शिफारसकर स्वतः येतात. “वेळ मिळत नाही म्हणतोस ना? चल, रविवारी बरोबर बघू.” ते येतात, येताना खारे दाणे आणतात, आणि सोफ्यावर अशा कोनात बसतात की त्यांना टीव्ही अर्धा आणि आपण पूर्ण दिसतो. चित्रपट सुरू होतो आणि शिफारसकर आपला चेहरा पाहू लागतात. “आता बघ हं,” म्हणतात. विनोदाच्या आधी हसतात, त्यामुळे विनोद येतो तेव्हा आपल्याला हसण्याची घाई करावी लागते. दुःखाच्या प्रसंगात आपल्या डोळ्यांत डोकावतात, तेव्हा डोळे कोरडे असले तर चोरी केल्यासारखं वाटतं. बाथरूमला जावं म्हटलं तर ते रिमोटनं चित्रपट थांबवून ठेवतात. एकट्यानं पाहिलेला चित्रपट त्यांच्या हिशेबी अर्धाच झालेला असतो. तो दुसऱ्याच्या तोंडावर पुन्हा लागला, की त्यांचे पैसे वसूल. एरवी ते मला अगदी असह्य झाले असते, पण हे एक पाहिल्यापासून मी चेहरा जरा हलता ठेवतो.

हा गुण त्यांच्या घराण्यातला आहे. त्यांचे काका, म्हणजे थोरले शिफारसकर, मुंबईत प्रभात चित्र मंडळाचे सभासद होते. मंडळ १९६८ सालचं. पुढे ते पुण्यात आले आणि लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ठाण मांडून बसू लागले. थोरल्यांचं काम फार सोपं होतं. रिळं पत्र्याच्या डब्यांतून यायची, एक खेळ व्हायचा आणि डबे परत जायचे. म्हणजे थोरले ज्या चित्रपटाची तारीफ करत तो पाहण्याची सोय कुणालाच नसे. त्यांचा बर्गमन फक्त ऐकायचा असे. वसुली नाही, तोंडी परीक्षा नाही, आणि ‘मला नाही आवडला’ म्हणायची कुणाची टाप नाही. फिल्म सोसायट्यांच्या खेळांना तेव्हा सेन्सॉरची कात्री लागत नसे, त्यामुळे सभासदत्वासाठी रांग असे. त्या रांगेत कलेची ओढ किती आणि न कापलेल्या दृश्यांची किती, हे मात्र थोरल्यांनी कधी काही सांगितलं नाही. उन्हाळ्यात होणारा चित्रपट रसास्वादाचा वर्ग त्यांनी केला होता आणि तेव्हापासून ते चित्रपट पाहत नसत, ‘वाचत’ असत. आपण काही पाहिल्याचं सांगितलं की म्हणत, “पाहिलास ते ठीक. वाचलास का?”

धाकट्यांच्या नशिबी ते वैभव नाही. त्यांनी दुपारी नाव घ्यावं आणि अकरावीतल्या पोरानं रात्री ते मोबाइलवर दीडपट वेगानं संपवून सकाळी लिफ्टमध्ये म्हणावं, “काका, बोअर झाला.” थोरल्यांच्या काळी बोअर व्हायलासुद्धा सभासदत्व लागायचं.

म्हणून शिफारसकर पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची, म्हणजे पिफची, वर्षभर वाट पाहतात. २००२पासून हा महोत्सव भरतो, बहुधा जानेवारीत, कधी फेब्रुवारीत. अर्जित रजा त्यासाठी राखलेली असते. वेळापत्रकावर पेन्सिलनं गोल केलेले असतात, पाठीवरच्या सॅकमध्ये पोळीभाजीचा डबा असतो, दिवसाला पाच चित्रपट असतात. चौथ्या दिवसापासून जॉर्जियातल्या आजीचा बैल एस्टोनियातल्या विधुराकडे जातो आणि शिफारसकरांना ते लक्षात येत नाही. एकदा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि ते घोरत होते. जागे झाल्यावर अजिबात ओशाळले नाहीत. म्हणाले, “प्रेक्षकाला थिएटरात झोप आणणारे चित्रपट किआरोस्तामीला आवडायचे, माहीत आहे ना?” ही गोष्ट खरी आहे, किआरोस्तामी तसं म्हणत असे. त्याला शिफारसकर भेटले असते तर त्यानं ते जरा जपून म्हटलं असतं, एवढंच.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय आणि सर्वांत मोठं दुःख एकाच चित्रपटानं दिलं. ऑक्टोबर २०१८मध्ये ‘तुंबाड’ लागला. शिफारसकरांनी पहिल्याच आठवड्यात तो पाहिला आणि सोसायटीत दारोदार फिरले. वाडा, पाऊस, हाव, गर्भगृहातला हस्तर. “मी काही सांगत नाही, फक्त पिठाच्या बाहुल्या लक्षात ठेवा.” कुणी गेलं नाही. कुणाच्या मुलांच्या सहामाही परीक्षा होत्या, कुणाला भुताचं वावडं होतं. चित्रपट उतरला. शिफारसकर त्या वर्षी दिवाळीत फराळालाही नीट कुणाकडे गेले नाहीत. मग सप्टेंबर २०२४मध्ये तोच चित्रपट पुन्हा थिएटरात लावला गेला आणि काय झालं कुणास ठाऊक, लोकांनी गर्दी केली. पहिल्या खेपेपेक्षा मोठा गल्ला जमला. आमची अख्खी सोसायटी गेली. सेक्रेटरी गेले, बी विंगमधली मुलगी मैत्रिणींना घेऊन गेली, ते प्लास्टरवाले गृहस्थ दोन्ही पायांनी चालत गेले. परत आल्यावर एकेक जण शिफारसकरांकडे येऊन कबुली देऊ लागला की तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं.

सहा वर्षं थकलेलं कर्ज व्याजासकट परत आलं होतं. शिफारसकर दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा पडला. चौथ्या दिवशी पार्किंगमध्ये सेक्रेटरी ‘तुंबाड’मधल्या पावसाचं वर्णन शिफारसकरांनाच ऐकवत होते. “तुम्ही पाहिला असेलच, पण पुन्हा बघा, मोठ्या पडद्यावर बघा,” असं म्हणत होते. शिफारसकरांनी मान डोलावली, मग मला बाजूला घेतलं. “उत्तरार्धात जरा सैल होतो रे तो,” ते म्हणाले. “मला तेव्हाही वाटलं होतं.”

शिफारसकर वहिनी यातलं काहीच करत नाहीत. त्यांनी कुणाला कधी काही सुचवल्याचं ऐकिवात नाही. रविवारी दुपारी त्या इस्त्रीचे कपडे घेऊन टीव्हीपुढे बसतात आणि कुठल्यातरी वाहिनीवर ‘अशी ही बनवाबनवी’ चालू असतो, कारण तो कुठे ना कुठे चालू असतोच. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे होतो. वहिनींनी आवाज थोडा वाढवला एवढंच. आतून मुलगा आला, कानातले इअरफोन काढून सतरंजीवर बसला. शेजारच्या आजी दही मागायला आल्या होत्या, त्या वाटी हातात धरून खुर्चीवर टेकल्या. भांडी घासायला आलेल्या मावशी ओल्या हातांनी दाराशी उभ्या राहिल्या. लक्ष्मीकांत बेर्डे साडीत आला आणि अजून त्यानं तोंडही उघडलं नव्हतं, तर सगळे हसायला लागले. कुणी कुणाला ‘आता बघ हं’ म्हटलं नाही.

तेवढ्यात खोलीचं दार उघडून शिफारसकर बाहेर आले. आत त्यांचा एक हंगेरियन चित्रपट चालू होता. “पाणी प्यायला आलो,” ते कुणी न विचारता म्हणाले आणि फ्रिजला टेकून उभे राहिले. सत्तर रुपयांचा प्रसंग आला तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, एकही शब्द चुकत नव्हता. तो संपला आणि त्यांना स्वतःची आठवण झाली.

“हे सगळं ठीक आहे,” घसा साफ करून ते म्हणाले, “पण याचं मूळ कुणी पाहिलंय का? ‘बीवी और मकान’. हृषिकेश मुखर्जी, १९६६. आणि त्याच्याही आधी बंगालीत—”

“अहो,” वहिनी शर्टाची कॉलर दाबत म्हणाल्या, “पाणी प्यायला आलात ना? मग प्या.”