जावईबापू, तुमचे सहा सिलिंडर

चि. जावईबापूंस कोसाडहून सासऱ्याचा आशीर्वाद. पत्र खुलं लिहितोय, कारण गाडीला टेकून काढलेले फोटो तुम्हीही अख्ख्या भावकीच्या ग्रुपवर टाकले होते.

दोन वर्षांपूर्वी सुरतेत जुन्या गाड्यांच्या दुकानात एकाच जर्मन सेडानच्या दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. रंग तोच, साल तेच, 2021. एकीत दोन लिटरचं चार सिलिंडरी पेट्रोल, दुसरीत तीन लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल. मी पहिलीवर हात ठेवला. तुम्ही तो उचलून दुसरीवर ठेवलात. ‘बाबा, टॉर्क बघा टॉर्क!’ मी वाकून बघितला. दिसला नाही.

कंपनीचं नाव घेत नाही, तिचा दोष नाही. उदाहरण म्हणून तुम्ही बीएमडब्ल्यूची पाच सिरीज घडाघडा म्हणून दाखवली होती. 530आयला 350 न्यूटन मीटर, 530डीला 620. दोन्हींच्या डिक्कीवर 530च, पण पोटात एकीच्या दोन लिटर, दुसरीच्या तीन. डिक्कीवरचा आकडा आणि लग्नाचा बायोडाटा, दोन्ही जपून वाचावेत हे मला उशिरा कळलं. तुमचाही मी वाचला होता.

तुमचा दुसरा मुद्दा बचतीचा. हिशेब पुण्याच्या पंपावरचा. तिथे पेट्रोल डिझेलपेक्षा लिटरमागे दहा रुपयांहून महाग. आमच्या गुजरातेत फरक चार-पाच रुपयांचा. त्यात माझी रोजची धाव कोसाड ते अमरोलीचा कारखाना, चार किलोमीटर. पुढे ताक्यांनी लादलेला टेम्पो, मागे शेअर रिक्षा, मध्ये गतिरोधक. येताना 620 न्यूटन मीटर मेथीची एक जुडी ओढतात.

आणि तो पिवळा दिवा! 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतोच. साचलेली काजळी गाडी आपली आपण जाळते, पण त्यासाठी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर सलग पळावं लागतं. चार किलोमीटरांत माझं इंजिनच कोमट होतं. जाळणं अर्धवट राहतं, काजळी साचते, दिवा लागतो. पेट्रोलवालीला हे दुखणंच नव्हतं.

म्हणून दर रविवारी पहाटे मी महामार्गाला लागतो. कीमपर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. काम काहीच नाही. गाडीला चरायला नेतो. शेजारचे काका गॅलरीतून विचारतात, ‘क्यां चाल्या?’ काय सांगू? घरच्यांना वाटतं, सासरेबुवांना या वयात वेगाचं वेड लागलं.

तुम्ही वर्षातून दोनदा येता, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तासभर पळवता आणि म्हणता, ‘बघा, कशी लोण्यासारखी चालते!’ चालणारच. तेवढ्यापुरतीच ती चालते.

आता अधिक महिन्यात याल. 33 अनारसे, चांदीचं ताट, सगळं रीतीप्रमाणे होईल. गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली आहे. रविवारी पहाटे पाचला कीम तुम्ही करायचं, आणि डिझेलही तुम्हीच भरायचं.