शेळीने बंडूची

15 ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनी, एका शाळेने मला प्रकट वाचन स्पर्धेचा परीक्षक केलं. माझी पात्रता एवढीच की मी रिकामा होतो आणि शाळेपासून चालत पाच मिनिटांवर राहतो.

हातात गुणपत्रक आलं : उच्चार, गती, आरोह-अवरोह, विरामचिन्हे. सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या हिशेबाने तिसरी संपताना मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द या वेगाने, अर्थ समजून वाचायला हवा. त्यातले 60 शब्द सगळ्यांच्या लक्षात राहतात, ‘अर्थ समजून’ तेवढं निसटतं. हेडसर तर मोबाइलवर स्टॉपवॉच लावूनच बसले होते.

उतारा गुरुजींनी स्वतः लिहिला होता. त्यातली एक ओळ अशी संपत होती : ‘बंडूने भाकरी आणि शेळीने बंडूची’. ‘वही खाल्ली’ हे पुढच्या ओळीत. पहिला मुलगा एक्सप्रेससारखा सुटला आणि ओळीच्या टोकाला थांबला. शेळीने बंडूचं काय केलं, या काळजीत मी पेन खाली ठेवलं. दुसरा तिथेच थांबला. तिसराही. शिवाय सगळ्यांची चाल एकच, शेवटचा शब्द वर उचलून सोडायचा. गुरुजी अभिमानाने म्हणाले, “आरोह-अवरोह पाठ करून घेतलेत.”

मला आमची आजी आठवली. श्रावणात ती पोथी वाचायची आणि मध्येच, त्याच चालीत, “दूध उतू चाललंय गं सूनबाई” असं म्हणायची. आम्ही भक्तिभावाने हात जोडून बसलेलो. दूध जायचंच.

मग तिसरीतली एक मुलगी उठली. कागद नाकाला लावून, सावकाश. ‘या जगात जगायचं कसं’ हे बंडूचं वाक्य आलं. पहिला ज ‘जिलबी’तला, दुसरा ‘जाडजूड’मधला. आधीच्यांनी दोन्ही एकाच साच्यातून काढले होते. हिने चुकवलं, स्वतःच थबकली, मागे जाऊन नीट म्हटलं. शेळीपाशी आली तेव्हा ओळ ओलांडून थेट वहीपर्यंत गेली आणि खुदकन हसली. तिला कळलं होतं! अख्ख्या वर्गात तोवर त्या विनोदाला कोणी हसलं नव्हतं, लिहिणारे गुरुजी धरून. पुढे ‘मग शेळीलाच आण वर्गात’ हे वाक्य तिने थेट हेडसरांच्या आवाजात वाचलं. मुलं लोळायची बाकी राहिली. हेडसर सगळ्यांत शेवटी हसले.

“52 शब्द,” ते स्टॉपवॉच पाहून म्हणाले. “आणि मध्ये हसली. हसण्याचे किती कापायचे?”

मी तिला पहिला क्रमांक दिला. गुरुजी दोन दिवस बोलणार नाहीत, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

समारोपाला मला दोन शब्द बोलायचे होते. घाबरट माणूस, म्हणून लिहून नेले होते. चष्मा नेमका घरी. कागद लांब धरून मी खणखणीत वाचलं, “मुलांनी वाचन थांबवावे.”

ओळ संपली होती. ‘असे मला एकदाही वाटले नाही’ खालच्या ओळीत होतं, ते शोधेपर्यंत सभागृह शांत.

पुढच्या रांगेत फक्त एकजण खुदकन हसलं.